वजिराविना डाव

अंबाजोगाईला आमच्या आजोबांचा एक ठाम नियम होता. वजीर गेला की पट आवरायचा. "आता काय उरलंय?" म्हणायचे आणि तंबाखूची चंची काढायचे. ते खेळायचे देशी डाव. त्यात प्यादं एकच घर पुढं सरकायचं आणि प्यादेमातीला मोठा मान असायचा. वजीर नसलेल्या डावातही जिंकण्यासारखं बरंच काही उरतं, हे मला फार उशिरा कळलं.

इतिहास बघितला तर आजोबांचं म्हणणं तसं अलीकडचंच म्हणायचं. शतरंजमधला वजीर अगदीच दुबळा होता, तिरपं एक घर चालायचा, बस्स. त्याला आजची ताकद मिळाली पंधराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनकडं. म्हणजे त्याआधीची कितीतरी शतकं सगळेच डाव जवळपास 'वजिराविना' होते आणि किंचितशी आघाडी जपत जपत जिंकायचं, हाच खेळ होता. दहाव्या शतकात बगदादच्या अस-सूलीनं एक कोडं घातलं होतं. दोन्हीकडं फक्त राजा आणि तो दुबळा वजीर. ते सुटायला सुमारे हजार वर्षं लागली. विसाव्या शतकात युरी अवेरबाखनं ते सोडवलं. आपल्याकडंही, गोदावरीपलीकडच्या पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठानं सतराव्या शतकात 'नीतिमयूख' लिहिताना बुद्धिबळाला जागा दिलीच आहे. राजनीतीच्या ग्रंथात!

जाता जाता एक सांगतो, संदर्भ तपासायची सवय लागावी म्हणून. हत्तीच्या अंतिम डावातली सगळ्यात प्रसिद्ध स्थिती ल्युसेनाच्या नावानं ओळखली जाते. त्याचं पुस्तक १४९७ चं, पण ती स्थिती त्यात नाहीच. ती सापडते साल्वियोच्या १६३४ च्या पुस्तकात. एकानं चुकीचं नाव दिलं की पुढचे सगळे तेच उतरवून घेतात.

आता मूळ मुद्दा. १५ नोव्हेंबर २०१३, चेन्नई, जागतिक अजिंक्यपदाचा पाचवा डाव. आधीचे चारही बरोबरीत सुटलेले. मी तेव्हा बीडला अकरावीत होतो आणि रूमवरच्या मित्राच्या मोबाईलवर चाली बघत होतो. पंधराव्या चालीला कार्लसननं वजिरावजिरी केली. "बरोबरी होणार," असं म्हणून आम्ही मेसला गेलो.

बाविसाव्या चालीनंतरचा पट मांडून बघा. दोघांकडं दोन-दोन हत्ती, एक-एक उंट, पाच-पाच प्यादी. उंटसुद्धा एकाच रंगाच्या घरांतले. मग फरक कुठं? प्याद्यांच्या रचनेत. आनंदची प्यादी चार तुकड्यांत विखुरलेली, कार्लसनची तीन. एवढंच! पण एकट्या पडलेल्या प्याद्याला राखायला दुसरं प्यादं नसतं, मग तिथं हत्ती किंवा उंट बांधला जातो. वजीर असता तर शह देत देत सुटका करून घेता आली असती. तो नसला की राखणाऱ्याला नुसतं राखत बसावं लागतं आणि समोरचा निवांत जागा बदलत राहतो. सहाव्या पट्टीत घुसलेल्या कार्लसनच्या हत्तीनं हेच केलं. चाळिसाव्या चालीला आनंदचं एक प्यादं पडलं आणि दोन चालींत कार्लसन एका प्याद्यानं पुढं गेला.

तरीही डाव हरलेला नव्हता. पंचेचाळिसाव्या चालीला आनंदनं हत्तीनं शह दिला. त्याऐवजी तोच हत्ती मागून ए-पट्टीतल्या प्याद्यावर नेला असता, तर बरोबरी राखता आली असती, असं नंतरचं विश्लेषण सांगतं. शहानंतर उंट कटले आणि कार्लसनकडं पटाच्या दोन टोकांना दोन मोकळी प्यादी उरली. एक हत्ती दोन्हीकडं पुरत नाही. अठ्ठावन्नाव्या चालीला आनंदनं डाव सोडला. दुसऱ्या दिवशीचा डावही हत्तींच्या अंतिम खेळात गेला, सामना ६.५–३.५ असा संपला.

पुस्तकात हा डाव 'लहान आघाडीचं विजयात रूपांतर' या मथळ्याखाली येतो. मला तो मथळा खटकतो. आघाडी होती हे आपण निकाल माहीत झाल्यावर म्हणतो. चव्वेचाळिसाव्या चालीपर्यंतचाच पट हाती दिला असता, तर किती जणांनी तसं लिहिलं असतं? आणि उलट, नुसती चूक झाली म्हणावं, तर ती चूक येईपर्यंतचे चार-पाच तास कोणी कोणाला बसवून ठेवलं होतं, हे सुटून जातं. संगणकाचा आकडा पटावरची स्थिती मोजतो, खुर्चीवरचा माणूस मोजत नाही.

मागच्या दिवाळीत आजोबांसमोर हा डाव मांडला. वजीर बाजूला ठेवले तेव्हा ते नेहमीसारखे चंची शोधायला लागले. पंचेचाळिसाव्या चालीवर मी थांबलो आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही काय खेळला असता?" बराच वेळ पटाकडं बघत बसले. चंची तशीच मांडीवर राहिली.