पाच वेळा ऊठ-बस

हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे ही गुडघ्याची खरी परीक्षा. बसलेला माणूस पावले मागे घेतो, धड पुढे झुकवतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या जोरावर सगळे शरीर वर उचलतो. स्नायूत ताकद नसेल, गुडघ्यात कळ येत असेल किंवा तोल जाईल अशी धास्ती असेल, तर हात आपोआप खुर्चीच्या दांड्याकडे जातात. म्हणून उठण्या-बसण्याच्या चाचणीत ते छातीशी बांधायला सांगतात. गुडघेदुखीचा वृद्ध पुढे स्वतःचा स्वतः हिंडता-फिरता राहील की नाही, याचा अंदाज बांधायला डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट आज ही खुर्ची-चाचणी वापरतात. साहित्य काय, तर एक खुर्ची आणि एक स्टॉपवॉच.

तिच्या आधी मान होता तो एक्स-रेला. मँचेस्टरच्या जोनास केल्ग्रेन आणि जॉन लॉरेन्स यांनी 1957 मध्ये सांध्याच्या झिजेच्या 0 ते 4 अशा पायऱ्या ठरवल्या. त्या आजही वापरात आहेत. मात्र फोटो आणि माणूस यांचा मेळ बसेलच असे नाही. चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन कोणी रोज जिना चढतो, तर दुसरीतलाच कोणी जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो. हाडाची अवस्था कळली, तरी माणसाची चाल कशी राहील हे त्यावरून कळत नाही.

खुर्चीला डॉक्टरी उपकरणाचा मान मिळाला तो 1985 मध्ये, अमेरिकेतल्या मिल्वॉकीत. मेरी एलन चुका आणि डॅनियल मॅकार्टी हे दोघे संधिवाततज्ज्ञ. मांडीची ताकद जोखायला डॉक्टर तोवर हाताने दाब देऊन पाहत. त्यात तपासणाऱ्याच्या मताचा भाग मोठा असे, आणि ही मांडी तर भल्याभल्यांच्या हाताला दाद देत नाही. या दोघांनी रुग्णाला दहा वेळा उठायला-बसायला लावून सेकंद मोजले आणि त्या त्या वयाच्या निरोगी माणसाला लागणाऱ्या वेळेशी ते ताडून पाहिले. प्रश्न आजच्या ताकदीचा होता. भविष्य वर्तवण्याचा हेतू नव्हता.

पुढच्याच वर्षी वृद्धोपचारतज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स आणि सहकाऱ्यांनी ‘उठा आणि चाला’ ही चाचणी मांडली. तिच्यात घड्याळ नव्हते, नुसते पाहून 1 ते 5 गुण द्यायचे. 1991 मध्ये पोडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी तिला घड्याळ जोडले: उठायचे, तीन मीटर जायचे, वळून येऊन बसायचे.

खुर्ची भाकीत सांगू लागली ती जॅक गुरालनिक यांच्यामुळे. 1994 मध्ये त्यांच्या गटाने दहा उठबशा पाचांवर आणल्या आणि तोल व चालण्याचा वेग यांच्याशी जोडून 12 गुणांची एकत्र चाचणी बसवली. पाच वेळा उठणे साधारण 11.2 सेकंदांच्या आत झाले तर 4 गुण, 16.7 किंवा अधिक लागले तर 1, जमलेच नाही तर शून्य. त्यांचाच 1995 चा निष्कर्ष महत्त्वाचा ठरला. त्यात सत्तरी ओलांडलेले 1,122 जण होते आणि सुरुवातीला त्यांपैकी कोणीही परावलंबी नव्हते. चार वर्षांनी पाहिले, तेव्हा 10 ते 12 गुणवाल्यांच्या तुलनेत 4 ते 6 गुणवाल्यांमध्ये परावलंबनाचा संभव चौपटीहून अधिक निघाला. स्वतःला धडधाकट समजणाऱ्यांची घसरण खुर्चीसह या एकत्र चाचणीने आधीच हेरली होती.

एक अडचण मात्र उरलीच. पाच पुरे न करणारे सगळे एकाच शून्यात जमा होत. तीनदा उठणारा आणि एकदाही न उठणारा यांत फरकच उरत नसे. कॅलिफोर्नियातल्या जोन्स आणि रिकली यांनी 1999 मध्ये गणितच उलटे केले. उठबशा ठरवायच्या नाहीत. वेळ ठरवायचा, 30 सेकंद, आणि तेवढ्यात किती होतात ते मोजायचे. वेळ संपताना माणूस निम्म्याहून वर आलेला असेल, तर तीही मोजायची.

गुडघ्याच्या झिजेवर शिकागोतल्या लीना शर्मा यांच्या गटाने 2003 मध्ये तीन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात वय, वजन आणि वेदना यांच्याबरोबर सांध्याचा सैलपणाही हालचालीतल्या घसरणीच्या बाजूने होता. स्नायूंची ताकद, व्यायाम, जवळच्यांचा आधार आणि ‘मला जमेल’ हा विश्वास सावरणाऱ्या बाजूने. शेवटच्या दोन गोष्टी कुठल्याच एक्स-रेत उमटत नाहीत. झिजेवर संशोधन करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2013 मध्ये शिफारस केलेल्या किमान तीन चाचण्यांत 30 सेकंदांची खुर्ची आहे. बाकी दोन म्हणजे 40 मीटर झपाझप चालणे आणि जिना चढणे.

जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांच्या देशात खुर्चीची परीक्षा थोडी सौम्यच म्हणायची. भुईवरून उठण्याची वेगळी चाचणी ब्राझीलच्या क्लाउडिओ अराउजो यांनी केली आहे, पण गुडघेदुखीच्या तपासणीत चलती खुर्चीचीच. स्नायूंच्या ऱ्हासावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने 2019 मध्ये पाच उठबशांसाठी 12 सेकंदांची रेघ आखली. तेवढा किंवा अधिक वेळ लागला, तर शरीराची कार्यक्षमता कमी धरतात.