फुगा धुराने उडाला का?

मे महिन्यात नागपुरातल्या एका शिबिरात मुलांबरोबर पतंगाच्या कागदाचा मोठा फुगा केला होता. तोंड खाली आणि उघडे, त्याखाली विजेची शेगडी. फुगा फुगला, ताठ उभा राहिला, पण जमीन काही सोडेना. बाहेर पारा ४५ अंशांवर. एक मुलगा म्हणाला, "सर, शेगडीला धूरच नाही, मग फुगा उडेल कसा?" बाईंनी त्याला लगेच खाली बसवले. मला मात्र हे उत्तर ओळखीचे वाटले. ज्यांनी पहिला मोठा फुगा उडवला, त्यांचेही मत हेच होते!

फ्रान्समधल्या आनोने गावी जोसेफ आणि एतिएन माँगोल्फिए या भावांचा कागदाचा कारखाना होता. ४ जून १७८३ रोजी त्यांनी कापडाला आतून कागद लावून केलेला फुगा सर्वांसमक्ष आकाशात सोडला. खाली पेंढा आणि लोकर जाळली होती. धुरात एक खास हलका वायू असतो आणि तोच फुग्याला उचलतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून दाट धूर हवा! ही बातमी पॅरिसला पोहोचली तेव्हा जाक शार्ल या शास्त्रज्ञाने आणखी वेगळा तर्क केला. फुग्यात कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये अभ्यासलेला ज्वलनशील वायू, म्हणजे हायड्रोजन असणार, असे समजून त्याने २७ ऑगस्टला हायड्रोजनचा फुगा उडवला. तर्क चुकीचा, फुगा मात्र उत्तम. हवामान खात्याच्या नागपूर केंद्रातून वरच्या हवेची मोजमापे घेण्यासाठी जे फुगे सोडतात, ते याच शार्लच्या वंशातले.

२१ नोव्हेंबर १७८३ रोजी दोन माणसे माँगोल्फिएंच्या फुग्यातून पॅरिसवरून उडाली. तोवरही फुगा का उडतो हे नीट कळलेले नव्हते. जिनिव्हाच्या सोस्यूरने हा प्रश्न सोडवला. एका लहान फुग्याच्या तोंडाशी त्याने लालभडक तापवलेले लोखंड धरले. लोखंडाला कसला धूर? तरी फुगा वर गेला. म्हणजे उचलणारी होती ती तापून विरळ झालेली साधी हवाच. तापमान आणि वायूचे आकारमान यांचा नियम गे-ल्युसॅकने प्रसिद्ध केला तो त्यानंतर, १८०२ मध्ये. आपल्या पुस्तकांत आधी नियम येतो आणि मग त्याचा उपयोग. इतिहासात इथे क्रम उलटा आहे.

आता आमच्या रुसलेल्या फुग्याकडे येऊ. "गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते" हे आपण सांगतो, ते अर्धेच आहे. फुग्याचे तोंड उघडे असल्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. हवा तापली की प्रसरण पावते आणि तिचा काही भाग तोंडातून बाहेर पडतो. उरलेल्या हवेचे वजन तेवढ्याच जागेतल्या बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरते, आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार बाहेरची जड हवा फुग्याला वर ढकलते. तेव्हा हिशोब फरकाचा आहे. नागपुरात १०० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे ९१० ग्रॅम भरते. डिसेंबरच्या पहाटे, १२ अंशांवर, बाहेरची हवा ११९० ग्रॅम. मेच्या दुपारी फक्त १०७०. म्हणजे एक घनमीटर गरम हवा डिसेंबरात २८० ग्रॅम उचलील, मेमध्ये जेमतेम १६०. आमचा फुगा दीड घनमीटरचा आणि ३०० ग्रॅमचा. उडणार कुठून?

हाच हिशोब फार मोठ्या प्रमाणावर आपल्याच राज्यात एकदा मांडला गेला. २६ नोव्हेंबर २००५ रोजी ६७ वर्षांचे उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून निघाले आणि २१,०२७ मीटर उंची गाठून नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ उतरले. तो जागतिक विक्रम ठरला. आधीचा विक्रम १९८८ मध्ये पेर लिंडस्ट्रँड यांनी अमेरिकेत केला होता, १९,८११ मीटरचा. एकवीस किलोमीटरवर बाहेरचे तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास असते. ही थंडी फुग्याला मदतच करते, कारण आतबाहेरचा फरक वाढतो. अडचण वेगळीच आहे. तिथली हवा इतकी विरळ, की घनमीटरभर हवेचे वजन ८० ग्रॅमसुद्धा भरत नाही. आतली हवा १०० अंशांवर ठेवली तरी एका घनमीटरमागे ३५ ग्रॅमच उचलले जातात. म्हणून तर सिंघानियांचा फुगा वीस मजली इमारतीहून उंच होता, आणि बसायला टोपलीऐवजी हवाबंद कुपी होती.

डिसेंबरात मी तोच कागदी फुगा आणि तीच शेगडी घेऊन त्या मुलांच्या शाळेत गेलो. सकाळचे सात वाजले होते, मुले स्वेटर घालून कुडकुडत उभी होती. यावेळी फुगा हातातून निसटला आणि कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला. टाळ्या झाल्या. त्या मुलाचे समाधान मात्र झाले नव्हते. "सर, धूर घातला तर आणखी वर जाईल का?" या वेळी बाईंनी त्याला बसवले नाही. पत्र्याचा एक डबा आणला आणि मुलांना ओला पालापाचोळा गोळा करायला पाठवले.