मधमाशीपेट्यांचे कुंपण

मधमाशीपेट्यांचे कुंपण हे पिकांची नासाडी करणाऱ्या हत्तींना शेतापासून दूर ठेवण्याचे एक साधन आहे. आफ्रिकी हत्ती मधमाश्यांना टाळतात, या निरीक्षणावर ते आधारलेले असून त्याचा विकास केनियातील सव्हाना प्रदेशात झाला.

पार्श्वभूमी

हत्तींचा वावर राष्ट्रीय उद्यानांच्या सीमेपुरता मर्यादित नसतो. पीक तयार होताच ते लगतच्या शेतांत शिरतात आणि लहान शेतकऱ्याचे हंगामाचे उत्पन्न एका रात्रीत नष्ट होऊ शकते. त्यांना हुसकावताना माणसे मृत्युमुखी पडतात, तर सूडापोटी हत्तीही मारले जातात. विजेचे कुंपण बहुतेक लहान शेतकऱ्यांना परवडत नाही.

संशोधन

मधमाशीपेट्या टांगलेल्या झाडांची हत्ती कमी मोडतोड करतात, असे फ्रिट्झ वोल्राथ आणि इयान डग्लस-हॅमिल्टन यांनी २००२ मध्ये दाखवले. हत्तीची कातडी जाड असली तरी डोळ्यांभोवती व सोंडेच्या आत दंश वेदनादायक ठरतो. लूसी किंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चिडलेल्या मधमाश्यांचा ध्वनिमुद्रित आवाज १७ हत्ती-कुटुंबांना ऐकवला. त्यांपैकी १६ कुटुंबे ८० सेकंदांच्या आत तेथून निघून गेली. मधमाश्यांच्या धोक्याची सूचना देणारा विशिष्ट घुमणारा आवाज हत्ती काढतात, असे २०१० च्या अभ्यासात आढळले.

रचना

शेताभोवती खांबांमध्ये सुमारे १० मीटर अंतरावर पेट्या टांगून त्या तारेने जोडतात. खर्च कमी करण्यासाठी मधूनमधून नकली पेट्याही लावतात. हत्तीचा तारेला धक्का लागताच पेट्या हलतात व माश्या बाहेर पडतात. मध आणि मेणाच्या विक्रीतून शेतकऱ्याला जोड उत्पन्न मिळते.

परिणाम व मर्यादा

त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानालगतच्या सागाला येथील शेतांच्या अभ्यासात (२०१७) कुंपणाजवळ आलेले सुमारे ८० टक्के हत्ती परतवले गेल्याचे नोंदवले आहे. मात्र दुष्काळात फुलोरा घटल्याने माश्या पेट्या सोडून जातात आणि मधाचे उत्पादनही घसरते. पेट्यांची नियमित देखभाल आवश्यक असते. त्यामुळे हा उपाय एकमेव नसून इतर उपायांना पूरक मानला जातो.

भारतातील प्रयोग

याच तत्त्वावर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मार्च २०२१ मध्ये कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात ‘री-हॅब’ प्रकल्प सुरू केला.