वातानुकूलन : तापमान व आर्द्रतेचे नियंत्रण

बंदिस्त जागेतील हवेचे तापमान आणि तिच्यातील बाष्पाचे प्रमाण ठरावीक मर्यादेत राखण्याची प्रक्रिया. एसी घेतला जातो गारव्यासाठी. हे तंत्र जन्मले मात्र दमटपणाच्या तक्रारीतून. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात कागद दमट हवेत फुगे, कोरड्या हवेत आकसे आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. 1902 साली विलिस कॅरिअर या 25 वर्षांच्या अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा खेळवून सापेक्ष आर्द्रता 55 टक्क्यांवर राखण्याची योजना आखली. कामगारांना घाम येतो की नाही, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

हवा गार होत गेली की एका तापमानाला ती बाष्पाने संपृक्त होते. हा तिचा दवबिंदू. त्याहून थंड कॉइलवर, म्हणजे एसीतील गार नळ्यांच्या वेटोळ्यावर, बाष्पाचे पाणी होते. एसीच्या नळीतून ठिबकते ते हेच.

खरी मेख आकड्यांत दिसते. पावसाळ्यातली मुंबईची हवा 30 अंश सेल्सिअस व 80 टक्के आर्द्रतेची धरली, तर तिच्या दर किलोत सुमारे 21.5 ग्रॅम बाष्प असते. खोलीत 24 अंश व 50 टक्के हवे असतील, तर ते 9.3 ग्रॅमपर्यंत उतरवावे लागते. ही हवा नुसती 24 अंशांवर आणली, तर ती संपृक्तच राहते : गार, पण चिकट. म्हणून कॉइलवर ती 13 अंशांच्या आसपास न्यावी लागते. मग माणसे, दिवे आणि भिंती तिला पुन्हा 24 पर्यंत चढवतात. जिथे ही उष्णता पुरत नाही, अशा शस्त्रक्रियागृहांत किंवा औषधनिर्मितीच्या दालनांत गार केलेली हवा मुद्दाम तापवतात. हा विजेचा अपव्यय वाटतो आणि बऱ्याच अंशी तो असतोही. त्यामुळे कंडेन्सरमधून, म्हणजे यंत्राच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातून, वाया जाणारी उष्णता त्यासाठी वापरणे शहाणपणाचे. फार कोरडी हवा हवी असेल, तर सिलिका जेलसारख्या शोषकांचे फिरते चक्र लावतात.

सूतगिरण्यांची गरज नेमकी उलटी. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून तेथे पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. विदर्भातला कूलरही हवेत ओलावाच घालतो. पाण्याच्या बाष्पीभवनासाठी लागणारा अप्रकट उष्मा हवेतून घेतला जातो व ती गार होते. मे महिन्यात नागपुरात तो सुखावतो. जुलैत तोच कूलर खोली कोंदट करतो.

घरगुती एसीत मोठी चूक होते ती क्षमता निवडताना. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करते, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो आणि पुरेसे पाणी निथळण्याआधीच काम थांबते. पंखा चालू राहिला, तर कॉइलवरचा ओलावाही खोलीत परततो. ‘ड्राय’ या बटणाने पंख्याचा वेग मंदावतो. हवा थंड कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते आणि तेवढ्याच गारव्यामागे अधिक पाणी सोडते.