समुद्रात ‘वाया जाणारे’ पाणी

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरी इथल्या आठवडे बाजारात सुकट आणि सुक्या बोंबलांचे ढीग लागतात. म्हणून कोणते मासे खावेत, किती लहान मासा धरावा, समुद्र कसा राखावा, हा वाद फक्त मुंबई-रत्नागिरीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारीचा कायदा केला. २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले आणि २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. जून-जुलैची बंदी तर सर्वांना ठाऊक आहेच. हे नियम हवेतच. बारीक आसाच्या जाळ्यांनी समुद्र खरवडला गेला, हे खोटे नाही. पण या साऱ्या चर्चेत आरोपी दोघेच असतात, मासे धरणारा आणि मासे खाणारा. समुद्राचे नुकसान समुद्रापासून दूर, डोंगरातही होते. त्याचा दाखला आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेत आहे.

नर्मदा भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. तिथला नावाजलेला मासा म्हणजे हिल्सा. आपल्याकडे त्याला पाला म्हणतात, भरूचचे मच्छीमार चाक्सी म्हणतात. हा मासा वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो. पावसाळ्यात नदीला पूर आला, गढूळ पाण्याचा लोंढा समुद्रात शिरला, की त्या पाण्याच्या खुणेवर हिल्साचे थवे नदीत चढतात. पिल्ले काही महिने नदीत काढतात आणि मग समुद्राकडे उतरतात. पूर हे त्याला मिळालेले आमंत्रणच म्हणा ना! पूर आला नाही, तर मासा दाराशी येऊन परत जातो.

आता नर्मदेच्या पाण्याचा हिशेब पाहू. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी नवागाम येथे धरणाची कोनशिला बसवली. पुढे राज्याराज्यांत भांडण लागले. १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा १९७९ च्या डिसेंबरात अमलात आला. नदीत भरवशाचे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले होते. त्यातले मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. कागद घेऊन बेरीज करून पाहा. बरोबर २८ येते. समुद्राच्या वाट्याला काहीच उरत नाही.

लवादाने मुद्दाम अन्याय केला, असे मला म्हणायचे नाही. त्या काळची समजूतच तशी होती. समुद्राला मिळालेले पाणी म्हणजे वाया गेलेले पाणी, हे वाक्य आजही आपण सभांमधून ऐकतो. कच्छ-सौराष्ट्राची तहानही खरी होती. पण तहानलेल्यांच्या यादीत नदीच्या मुखाशी जाळे टाकणारा बसलाच नाही. विस्थापित म्हणजे ज्याचे घर-शेत पाण्याखाली जाते तो, अशी व्याख्या होती. धरणाच्या खाली ज्याचा मासा जातो, त्याच्यासाठी सरकारी दफ्तरात रकाना नव्हता.

आपल्या जिल्ह्यातली माणसे त्या व्याख्येत बसत होती. तरी त्यांचे हाल चुकले नाहीत, हा भाग वेगळा. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडितात गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी ही नावे नव्वदच्या दशकात देशभर झाली. आंदोलनाच्या रेट्यामुळे जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ च्या त्या अहवालातले पुनर्वसनावरचे ताशेरे खूप गाजले. पण धरणाखालच्या नदीवर आणि खाडीवर काय परिणाम होईल याचा नीट अभ्यासच झालेला नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. पश्चिम भारतातली हिल्साची अखेरची मोठी मासेमारी संपुष्टात येण्याचा धोका आहे, असा इशाराही होता. तो फारसा कोणी वाचला नाही. १९९३ मध्ये बँकेचे उरलेले कर्ज भारताने नाकारले, ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली आणि भिंत चढत गेली.

जून २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले. धरणाची उंची १३८.६८ मीटर, आणि त्या पातळीपर्यंत ते पहिल्यांदा भरले सप्टेंबर २०१९ मध्ये. खाली सोडायचे पाणी ठरले होते ६०० क्युसेक. भरूचच्या पुलावरून ज्यांनी नर्मदेचे पात्र पाहिले असेल, त्यांना एवढ्या पाण्याने ते कितीसे भिजेल, हे सांगायला नको. गोड्या पाण्याचा दाब कमी झाला आणि भरतीचे खारे पाणी आत घुसू लागले. गाळही धरणात अडकला. या गाळावरच खाडीचे अन्न तयार होते, त्यावर कोळंबीपासून मोठ्या माशापर्यंत सारे जगतात.

हे नर्मदेतच घडले असे नाही. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाला. त्याआधी हिल्सा प्रयागपर्यंत जात असे. बांगलादेशात ऑक्टोबरमध्ये विणीच्या दिवसांत २२ दिवस हिल्सा पकडायला बंदी असते आणि त्या काळात मच्छीमार कुटुंबांना सरकार तांदूळ देते. मासा वाचवण्याचा भार एकट्या गरिबावर पडू नये, एवढी जाण त्यात आहे. आपल्या बंदीच्या चर्चेत हा मुद्दा शेवटी, घाईघाईने येतो.

इकडे सरदार सरोवराच्या जलाशयात आपल्याच जिल्ह्यातले विस्थापित सहकारी संस्था काढून मासेमारी करू लागले. एकेकाळी नदीकाठी मका-ज्वारी पिकवणारी ही माणसे आता होडीतून रोहू-कटला धरतात. मासेमारीचा हक्क बाहेरच्या ठेकेदाराला नव्हे तर त्यांना मिळावा, ही त्यांची मागणी रास्तच होती. भिंतीच्या वर हा नवा मच्छीमार आणि खाली सुमारे १६० किलोमीटरवर, मुखाशी, जुना. दोघांची गाठ पडण्याचे कारण नाही.

त्या जुन्या मच्छीमाराच्या दारात आता दुसरी भिंत आली आहे. भरूचच्या खालच्या अंगाला भाडभूत हे हिल्साच्या मासेमारीचे गाव. समुद्राचे खारे पाणी आत येते, ते अडवायचे आणि गोडे पाणी साठवायचे, म्हणून तिथे नदीच्या पात्रात आडवा बंधारा घेण्यात आला. मच्छीमारांनी विरोध केला, हरित लवादाकडे दाद मागितली. तरीही काम सुरू झाले.