बाजी मांडणारा मनुष्य

ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढें कान देऊन बसलेला कुत्रा साऱ्यांच्या परिचयाचा आहे. तें चित्र विकत घेणारा विल्यम बॅरी ओवेन मात्र फारसा कोणास ठाऊक नाहीं.

ओवेन देशानें अमेरिकन, पेशानें वकील आणि वृत्तीनें जुगारी. पोकर हा त्याच्या आवडीचा खेळ. त्यांत हातांतील पानांइतकेंच महत्त्व प्रतिपक्षाचें मन ओळखण्यास आणि नेमक्या क्षणीं पैसा लावण्यास असतें. व्यापारांतहि त्याची रीत हीच. एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनसाठीं भांडवल शोधण्यास तो १८९७ सालीं लंडनला गेला. ट्रेव्हर विल्यम्स या वकिलाचें साहाय्य लाभलें आणि १८९८ मध्यें ग्रामोफोन कंपनी उभी राहिली.

पुढल्याच वर्षीं फ्रान्सिस बॅरोड हा चित्रकार कंपनीच्या कचेरींत एक पितळी कर्णा उसना मागावयास आला. त्याच्या चित्रांतील कुत्र्यासमोर होता तो प्रतिस्पर्ध्यांचा फोनोग्राफ! त्या जागीं ग्रामोफोन रंगविल्यास चित्र घेऊं, अशी अट ओवेननें घातली. अवघ्या १०० पौंडांत चित्र व त्याचे हक्क कंपनीचे झाले.

परंतु प्रत्येक डाव साधत नाहीं. गाण्याचें वेड ओसरलें तर हाताशीं दुसरा धंदा असावा, म्हणून त्यानें १९०० मध्यें लँबर्ट टाइपरायटरवर पैसा लावला; कंपनीचें नांवहि बदललें. तें यंत्र खपलें नाहीं. पुढें मायदेशीं परतून त्यानें कोंबड्यांची पैदास आरंभिली. तोहि धंदा बुडाला. १९१४ मध्यें तो निवर्तला.

त्याच्या कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग १९०२ मध्यें कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें मुद्रित करून गेला. भाऊराव कोल्हटकर त्यापूर्वींच, १९०१ मध्यें, वारले होते; तो आवाज ऐकणाऱ्यांच्या स्मरणाबरोबरच लोपला. बालगंधर्वांचा आवाज मात्र तबकडीवर उतरला, आणि तापीकांठच्या प्रकाशासारख्या दूरच्या गांवींहि, नाटकगृहाची पायरी न चढतां, तो ऐकण्याची सोय झाली.

जुगाऱ्याच्या पदरीं शेवटीं कांहीं उरलें नाहीं. त्यानें जिंकलेला डाव मात्र दुसऱ्यांच्या घरीं गात राहिला.