शबकिया: डोळ्यातल्या जाळ्याचा इतिहास

उर्दूच्या तासाला ‘शबकिया’ हा शब्द आला की मी फळ्यावर मासेमारीचे जाळे काढतो. अरबीत ‘शबका’ म्हणजे जाळे. डोळ्यातल्या पडद्याला ग्रीक वैद्यांनी जाळ्याची उपमा दिली, अरबी वैद्यांनी ती आपल्या भाषेत आणली आणि पुढे अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा त्यातून ‘रेटिना’ झाला. मराठीत आपण दृष्टिपटल म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी हा शब्द आमच्या घरात शिरला. अम्मी एका सकाळी म्हणाली, उजव्या डोळ्यापुढे धूर दिसतोय. दुखत नव्हते, म्हणून आम्ही मोतीबिंदू समजून तीन आठवडे घालवले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, पडद्यातली शीर तुंबली आहे. मागे रक्त साचून सूज आली होती. मूळ कारण वाढलेला रक्तदाब. अम्मीने एकच विचारले, “नजर वापस आएगी ना?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आत डोकावता यायला हवे, आणि त्याला शतके लागली. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये मांडले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. पण पाहण्याचे काम भिंग करते, असे ते समजत. प्रतिमा पडद्यावर उमटते हे केप्लरने 1604 मध्ये सांगितले. जिवंत माणसाचा पडदा पाहण्याचे उपकरण हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये जगापुढे ठेवले. त्यानंतर 1878 मध्ये युलियस फॉन मिशेलने या शिरेतल्या गुठळीच्या आजाराचे वर्णन केले.

पण आजार दिसणे वेगळे आणि पुढचे सांगणे वेगळे. 1961 मध्ये नोव्होटनी आणि अल्विस यांनी शिरेत रंग टोचून पडद्याचे फोटो काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रक्त कुठे पोहोचत नाही हे त्यातून कळू लागले. 1991 मध्ये ओसीटी आले. प्रकाशाच्या साहाय्याने, कुठेही न कापता, पडद्याचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे दिसू लागले.

यातला मोठा धडा 1995 च्या एका अमेरिकी अभ्यासाने दिला. मुख्य शीर तुंबलेल्या रुग्णांना लेसर दिल्यावर सूज उतरली, पण नजर सुधारली नाही. म्हणजे सूज किती आहे एवढेच पाहून भागत नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ शाबूत आहे का, आतले थर एकमेकांत मिसळलेत का, रक्तपुरवठा किती उरलाय आणि सुरुवातीला नजर किती होती, हे सारे जुळवून डॉक्टर अंदाज बांधतात. खात्री मात्र देत नाहीत.

अम्मीच्या फोटोत ती रेघ मधोमध तुटलेली होती. इंजेक्शनांनी सूज उतरली. आता ती पेपरातले मथळे वाचते, बारीक अक्षर नाही.

ते तीन आठवडे मला अजून टोचतात. एका डोळ्याला अचानक, न दुखता अंधुक दिसू लागले, तर घरच्या घरी मोतीबिंदू ठरवू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि रक्तदाबही मोजून घ्या.